राघू उडाला, दरड राहिली

पत्र, थोडक्यात : धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी २९ वर्षांची, ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेली, पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरातली सून. चार वर्षांपासून शिवारातली पाखरं, गवतं, झाडं रंगवते आणि रंगही स्वतःच करते. ओढ्याकाठची माती, कडुनिंबाचा पाला, पळसाची फुलं, हळद हे तिचं सामान. ‘माझ्या शिवाराबाहेरचा रंग हातात धरायचा नाही’ असा तिचा नेम आहे आणि मोबाइलवरून चित्रं विकताना ती तो आवर्जून सांगते. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कुटुंबाने वेड्या राघूचं चित्र ४,००० रुपयांना घेतलं. आठ महिन्यांनी त्यांनी फोटो पाठवला. राघूचा हिरवा वाळल्या पाल्यासारखा झालाय, मागचं पिवळं गवत पांढरं पडलंय. त्यांना पैसे परत हवेत. तशाच रंगांची आणखी सात चित्रं लोकांच्या घरी टांगलेली आहेत. ती विचारते : ट्यूबचे रंग गुपचूप मिसळू का? त्या सात जणांना कळवू की गप्प बसू? तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत महिना ८,००० रुपयांवर चित्रकला शिक्षिकेची जागा मिळतेय, ती धरू का? सासूबाईंचा प्रश्नही तिने जसाच्या तसा लिहिलाय : “माती चाळून कुणाचं पोट भरलंय का?”

ताई,

तुम्ही पाठवलेले आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहिले. तुमची नजर गेलेल्या रंगावर खिळलीय, ते साहजिक आहे. पण राहिलं काय, तेही बघा. राघूने जिच्यात बीळ कोरलंय ती दरड जशीच्या तशी आहे, तांबूस, मुरमाड, वरच्या बाजूला थोडी पिवळसर. बाभळीची फांदी तशीच. राघूच्या डोळ्यावरून जाणारी काळी रेघसुद्धा जागची हललेली नाही, कारण ती तुम्ही काजळाने ओढलीत. गेला तो कडुनिंबाचा हिरवा आणि पळसाचा पिवळा. कागद एक, भिंत एक, उजेड एक. त्या चित्राने तुमच्या सगळ्या रंगांची परीक्षा घेऊन निकालही लावलाय. पुण्याच्या कुटुंबाला मनातल्या मनात धन्यवाद द्या, आठ महिने त्यांनी ती स्वतःच्या भिंतीवर फुकट घेतली.

‘नैसर्गिक रंग’ या एका शब्दात तुम्ही दोन वेगळ्या जातीच्या वस्तू बांधल्यात. मातीचा रंग म्हणजे लोखंडाचा गंज. गेरूतला लाल आणि पिवडीतला, म्हणजे पिवळ्या मातीतला, पिवळा दोन्ही लोहाचेच, पिवडीत पाण्याचा अंश बांधलेला असतो एवढाच फरक. जे आधीच गंजून बसलंय त्याचं ऊन आणखी काय बिघडवणार? पाल्यातला हिरवा आणि पाकळीतला पिवळा मात्र झाडाने रोजच्या कामापुरता केलेला असतो. झाडावरही तो उन्हाने मोडतो, पण झाड जिवंत असतं म्हणून नवा करत राहतं. कागदावर आला की त्याची डागडुजी करणारं कुणी उरत नाही. हळदीचा रंग तर सगळ्यात कच्चा, आपल्याकडच्या उन्हात काही दिवसांत उतरतो. जास्वंद, बीट, जांभूळ यांचं तेच, शिवाय चुन्याचा किंवा सोड्याचा हात लागला की रंगच पालटतो. यात तुमच्या हाताचा दोष नाही. तुम्ही निवडलेलं सामानच तसं आहे.

आता तुमचा नेम. तो वाईट नाही. पण तो तुम्ही शुद्धतेसाठी धरलाय की गिऱ्हाइकाला सांगायला बरा वाटतो म्हणून, हे एकदा स्वतःला विचारा. तुमच्या घरापासून एका दिवसात पोचता येईल अशा अजिंठ्यात चित्रकारांनी काय केलं ते पाहा. लाल, पिवळा त्यांनी मातीतून काढला, हिरवा खडकातल्या हिरव्या मातीचा, काळा काजळाचा, पांढरा चुना आणि पांढऱ्या मातीचा. हे सगळं आसपासचं. निळा आसपास नव्हता, तर ५व्या शतकात आजच्या अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड वापरला. म्हणून त्यांची चित्रं खोटी ठरली नाहीत. शिवारात नाही ते बाहेरून आणण्यात पाप नाही. पाप ‘गुपचूप’ या शब्दात आहे, आणि तो तुम्हीच लिहिलाय.

तेव्हा आधी मातीचे रंग नीट करू, कारण तुमची खरी दौलत तिथे आहे आणि तुम्ही तिला फक्त दरडीपुरती वापरलीत.

आपला सगळा भाग लाव्ह्याच्या थरांचा. दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी लाल मातीचा पट्टा सापडतो. घाटाच्या कापलेल्या बाजूला, नव्या विहिरीच्या भिंतीत, खडीच्या खाणीत तो आडवा दिसतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर. भट्टीतल्या विटेसारखा लाल. हा तुमचा गेरू. विहीर खणली जात असेल तिथे जाऊन दोन घमेली मागून घ्या, उपशाच्या ढिगात ती नाहीतर वायाच जातात. उदगीरकडे माहेर असेल किंवा पाहुणे असतील तर तिथला जांभ्याचा चुरा आणा, त्याचा लाल वेगळा, जरा नारिंगीकडे झुकणारा. पिवळी माती ओढ्याच्या कापात, मुरमाच्या भेगांत मिळते. शेतमालकाला विचारून घ्या. येडशीच्या अभयारण्यातून किंवा कुठल्याही लेण्यांच्या आवारातून चिमूटभरही उचलू नका, तो गुन्हा आहे.

काळ्या मातीच्या मोहात पडू नका. ओली असताना ती इतकी काळी दिसते की चित्रकाराचा हात शिवशिवतो. वाळल्यावर करडी होते आणि त्यातली चिकण पाणी सुटताच आकसते. रंग ठेवायच्या शिंपलीत तो वाळला की वैशाखातलं रान दिसायला लागतं, भेगाच भेगा. कागदावर जाड हात दिला तर पापुद्रा उचलतो. आठ-नऊ वेळा पातळ हात देऊन ढगाची करडी छटा साधता येते, तेवढ्यापुरती ठेवा.

मातीचा रंग करताना बहुतेकांचं चुकतं ते निवळण्यात, त्यामुळे तेच सविस्तर सांगते. माती दोन दिवस उन्हात कडक वाळवा, काड्या-मुळ्या-खडे वेचा, खलबत्त्यात फोडा. दळायची घाई नको, फक्त ढेकूळ मोडायचं. किलोभर मातीला चार-पाच लिटर पाणी घालून बादलीत रात्रभर भिजू द्या. सकाळी काठीने चांगलं ढवळा, हात थांबवा आणि एक मिनिट मोजा. एवढ्या वेळात वरच्या चार बोटं पाण्यातले जाड कण खाली बसतात. वरचं गढूळ पाणी लगेच, हलक्या हाताने, दुसऱ्या बादलीत ओता. पहिल्या बादलीत तळाशी कचकच उरेल, ती टाकून द्या किंवा अंगण सारवायच्या मातीत मिसळा. दुसऱ्या बादलीला आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वर निवळ पाणी, खाली लोण्यासारखा गाळ. पाणी काढा, नवं घाला, ढवळा, पुन्हा निवळू द्या. असं तीनदा. या धुण्याने मातीतले क्षार जातात. हे टाळलं तर पावसाळ्यात चित्रावर मिठासारखी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि लोक ती खरोखर बुरशी समजून पुसायला जातात. शेवटचा गाळ सुती कपड्यावर पसरून सावलीत वाळवा, फोडा, वस्त्रगाळ करा. किलोभर मातीतून पाव किलो रंग निघाला तरी भरून पावलं. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. निवळलेलं पाणी वाया घालवू नका, तेच पुढच्या मातीच्या पहिल्या भिजवणीला चालतं, फक्त शेवटचं धुणं स्वच्छ पाण्याचं हवं. आणि हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतलं, ऐन उन्हाळ्यातलं नव्हे.

पिवडी हाताशी असली की तिच्यातून आणखी दोन-तीन रंग निघतात. जुन्या लोखंडी तव्यावर पातळ पसरा, चुलीवर ठेवा, उलथन्याने हलवत राहा. आधी ती गव्हाळ होईल, मग विटकरी, मग पक्की तांबडी. पाणी उडून पिवळा गंज लाल गंजात बदलतो. प्रत्येक टप्प्यावर चमचाभर काढून घेतलं तर एकाच मातीच्या पाच छटा होतात, आणि त्या एकमेकींशी कधी भांडत नाहीत. गरम असताना रंग खरा दिसत नाही, थंड झाल्यावरच ठरवा.

दळताना धूळ उडाली तर ती छातीत जाते आणि पुन्हा निघत नाही. कोरडं चाळायचं असेल तर एन-९५ मास्क लावा, ओढणीचं टोक पुरत नाही. पाटा-वरवंटा आणि मिक्सरचं भांडं रंगासाठी वेगळं ठेवा. सासूबाईंच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील असा अंदाज आहे.

डिंकाबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘कधी रंग पावडरसारखा झडतो, कधी चकाकून सोलतो’. पहिल्यात डिंक कमी पडला, दुसऱ्यात जास्त झाला. पण त्याआधी डिंक कुठला, हे तपासा. किराणा दुकानात डिंक म्हणून जे मिळतं त्यात बाभळीचा, धावड्याचा आणि कधी कधी कतीराही असतो. रात्रभर पाण्यात टाकून बघा. बाभळीचा विरघळून मधासारखा होतो. फुगून नुसती जेली झाली आणि पाणी वेगळं राहिलं तर तो लाडवालाही नको आणि रंगालाही नको. सगळ्यात बरं म्हणजे बांधावरच्या बाभळीचे थेंब स्वतः वेचा, फिके तेवढे घ्या. ५० ग्रॅम डिंक, १०० मिलिलिटर कोमट पाणी, रात्रभर मुरवा, मलमलीतून गाळा. त्यात दोन लहान चमचे मध आणि लवंगतेलाचे तीन-चार थेंब. मधाने रंग पुन्हा ओला व्हायला सोपा जातो, लवंगतेलाने बुरशी लांब राहते. पावसाळ्यात मध निम्मा करा, नाहीतर शिंपल्या चिकट राहतात आणि सकाळी उठून बघावं तर मुंग्यांनी तुमचा गेरू नेलेला.

जाड काचेवर दोन चमचे रंग, एक ते दीड चमचा डिंकपाणी, आणि सपाट तळाच्या दगडाने पंधरा-वीस मिनिटं घोटायचं. हाताखालचा खरखर आवाज थांबेपर्यंत. शिंपलीत एकदम न भरता दोन थरांत भरा, पहिला वाळल्यावर दुसरा. मग कागदावर एक पट्टी ओढा, वाळू द्या, बोट फिरवा. बोटाला रंग आला तर आणखी डिंक. पट्टीला चकाकी आली किंवा कागद वाकवल्यावर तडा गेला तर आणखी माती. हे प्रमाण प्रत्येक मातीचं वेगळं येतं. पिवडी जास्त डिंक पिते, गेरू कमी. वही घाला आणि लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

काळ्यासाठी काजळ तुम्ही करताच. ते पाण्यावर तरंगतं म्हणून त्रास होतो, असं म्हणता. त्यात तेलाचा अंश राहिलाय. मातीच्या पणतीत, झाकण घालून, ते धूर थांबेपर्यंत तापवा, मग थोडं डिंकपाणी घालून आधी घट्ट गोळा मळा आणि नंतरच पातळ करा. रेखाटनाचा कोळसा विकत घेऊ नका, तुमच्या अंगणात तुराट्या आहेत. बोटभर लांबीच्या सरळ तुराट्या सोलून जुन्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याएवढं एक भोक पाडा, चुलीत ठेवा. भोकातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढा, आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. घाईने उघडला की आत हवा जाते आणि हातात राखेशिवाय काही येत नाही.

आता राघू. त्याचा हिरवा कुठून आणायचा?

आधी एक गंमत करून बघा. काजळात पिवडी मिसळा, एक भाग काजळ, आठ-दहा भाग पिवडी. काळपट पिवळा होईल असं वाटतं, होतो मात्र शेवाळी हिरवा. बाभळीच्या, बोरीच्या, चैत्र उलटलेल्या कडुनिंबाच्या पानाला हाच रंग हवा. काजळात पांढरा मिसळला तर करडा होतो, पण तोच करडा पिवडीच्या शेजारी ठेवला की डोळ्याला निळसर दिसतो. आपल्याकडच्या दुपारच्या आभाळाला याहून जास्त निळा लागत नाही.

दुसरा हिरवा खडकात आहे. खाणीत फुटलेल्या दगडात पोकळ्या असतात, त्यात गारगोटी किंवा पांढरे सुईसारखे स्फटिक. त्या पोकळीच्या भिंतीला कधी कधी निळसर हिरवा मऊ लेप असतो, नखाने खरवडला तर निघतो. अजिंठ्याचा हिरवा याच जातीचा. सुरीने खरवडून जमवा, महिनाभरात दहा ग्रॅम झाले तरी पुष्कळ. उन्हात तो जात नाही. तव्यावर मात्र तापवू नका, तपकिरी होईल. त्याची शक्ती कमी, एका हातात दिसतच नाही. सहा-सात पातळ हात लागतात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा.

आणि तरीही वेड्या राघूच्या पाठीवरची ती झळाळी या दोन्हींत नाही. तिथे बाहेरचा निळा लागेल. खरी नीळ घेतली तर ती वनस्पतीची असूनही पाल्याफुलांपेक्षा पुष्कळ टिकते, पण भिंतीवरच्या थेट उन्हात तीही हळूहळू फिकटते. दाक्षिणात्य उत्पादकांकडून वडी मागवा, किराणातली कपड्याची नीळ ती नव्हे. दुसरा मार्ग अल्ट्रामरीनची पूड. हा निळा १९व्या शतकापासून कारखान्यात होतो, आणि लाजवर्दमधला निळा आणि हा, घडण एकच. लिंबाच्या रसाजवळ किंवा कुठल्याही आंबट पदार्थाजवळ ठेवू नका एवढंच पथ्य, बाकी उन्हाला तो दाद देत नाही. विक्रीच्या चित्रात मी हाच सुचवेन. पिवडीत थोडासा घातला की राघूला पुरेल. पन्नास ग्रॅमची पुडी तुम्हाला दोन-तीन वर्षं जाईल.

पळसावर एवढं प्रेम आहे तर ते सोडू नका. होळीच्या सुमारास खाली पडलेली फुलं वेचा, रंग काढा, वहीत चित्रं करा. मिटलेली वही अंधारात असते, तिथे कच्चा रंगही वर्षानुवर्षं राहतो. तुमच्या शिवाराची ऋतूंची वही ही स्वतःच पाहण्यासारखी वस्तू होईल. विकायची मात्र भिंतीवरची चित्रं, आणि ती मातीची.

फुलाझाडांतलं काही भिंतीवर न्यायचंच असेल तर मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, घ्या, आणि नुसता काढा न वापरता तुरटीवर बसवा. ५० ग्रॅम मंजिष्ठेचे तुकडे रात्रभर भिजवा, ते पहिलं पाणी ओतून टाका, मग लिटरभर पाण्यात स्टीलच्या भांड्यात तासभर ठेवा. बोट क्षणभरच धरवेल इतकंच गरम, उकळी आली की लाल मातकट होतो. गाळा. २५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला. आता धुण्याच्या सोड्याचं पाणी चमच्या-चमच्याने. दर चमच्याला फेस वर चढतो, म्हणून भांडं दुप्पट मोठं हवं. फेस यायचा थांबला की सोडा थांबवा. लाल गाळ तळाला बसेल, तो मातीसारखाच तीनदा धुवून वाळवा. लोखंडी कढई वापरली तर लालाचा तपकिरी-काळा होईल. हा रंगही गेरूइतका पक्का नाही. पाखराच्या चोचीपुरता, मानेवरच्या ठिपक्यापुरता ठेवा.

पुढच्या वेळी परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी नको, तुमच्या खिडकीत घ्या. प्रत्येक रंगाची बोटभर रुंद पट्टी एका कागदावर ओढा, निम्म्या भागावर स्वयंपाकातली चांदीसारखी फॉइल घट्ट गुंडाळा, दक्षिणेच्या खिडकीला लावा, तारीख लिहा. पंधरा दिवसांनी फॉइल उघडा. दोन भागांत फरक दिसला तर तो रंग वहीचा. तीन महिन्यांनी दिसला तरी विक्रीला नाही. जानेवारीत लावलेली पट्टी एप्रिलमध्ये जे सांगेल ते कुठल्याही जाणकाराला विचारून कळणार नाही.

एक इशारा इतर वाचकांसाठीही. ‘निसर्गातलं म्हणजे निर्धोक’ हे खरं नाही. पिवळ्या हरताळात सोमल म्हणजे आर्सेनिक आहे, लाल हिंगुळात पारा, शेंदरात शिसं. तिन्ही जुन्या चित्रांत आहेत, तिन्ही पूजेच्या नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानात विचारल्यावर मिळू शकतात. लेकरं खेळतात त्या घरात ती दळायची नाहीत. बाजारातलं कुंकू रंगाला घेऊ नका, त्यात बहुधा कारखान्याचा रंग असतो आणि तो हळदीसारखाच दगा देतो.

आता पुण्याच्या कुटुंबाचं. त्यांनी चित्र बाथरूमच्या दाराशी लावलं होतं की खिडकीसमोर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कुठे लावायचं हे तुम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. पैसे एकदम परत देणं जड असेल तर दोन पर्याय त्यांच्यासमोर ठेवा : मातीच्या रंगांतलं त्याच मापाचं नवं चित्र दोन महिन्यांत, किंवा दोन हप्त्यांत पैसे. निवड त्यांची. जुनं चित्र मात्र दोन्ही वेळा परत मागा, कुरियरचा खर्च तुमचा.

आणि त्या सात जणांना कळवायचंच. त्यांच्या भिंतीवर ते घडणारच आहे. तुमच्याकडून आधी कळलं तर ती माहिती, त्यांना स्वतः दिसलं तर ती फसवणूक. लांबलचक माफीनामा नको. असं काही लिहा : “नमस्कार. तुम्ही घेतलेल्या चित्रात हिरवा आणि पिवळा रंग पाल्याफुलांचा आहे. तो उजेडात फिका पडतो असं माझ्या लक्षात आलं आहे. चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर असेल तर कृपया जागा बदला. रंग उतरलेला दिसला तर फोटो पाठवा, मी मातीच्या टिकाऊ रंगांत तो भाग पुन्हा रंगवून देईन किंवा चित्र बदलून देईन.” सातपैकी दोन-तीन जण बदलून मागतील असं धरून चाला आणि एकदम सगळ्यांना शब्द न देता महिन्याला एक असा क्रम लावा. पुढच्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहा : गेरू, विहिरीचा, अमुक गाव, पिवडी, ओढा, काजळ, अल्ट्रामरीन, विकतचा. ट्यूबचा रंग वापरलात तर तोही, नावानिशी. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे शब्द जाहिरातीतून काढा. मागची यादी त्याहून जास्त बोलते, आणि ती वाचायला लोक चित्र उलटं करतात.

सासूबाईंच्या प्रश्नाला तुम्ही टोमणा म्हणता. तो हिशेब आहे, आणि तो तुम्हीच पत्रात अर्धा मांडलाय. एका चित्राला रंग करण्यापासून बांधाबांधीपर्यंत ३० तास. ४,००० मधून कागद, फ्रेम आणि कुरियरचे १,५०० गेले की हातात २,५००, म्हणजे तासाला ८३ रुपये, आठ तासांच्या दिवसाला साधारण ६६०. तुमच्या गावातल्या खुरपणीच्या रोजाशी ताडून बघा, दर लाजिरवाणा नाही. पण वर्षाला चित्रं ११. म्हणजे ३३० तास, म्हणजे एकेचाळीस दिवस. उरलेले सव्वातीनशे दिवस या कामाने तुम्हाला रोज दिलेला नाही. वर्षाचे २७,५०० रुपये झाले, आणि एक चित्र परत आलं की दीड चित्राची मजुरी बुडाली. तुमचा दुखरा भाग दर नाही, दिवस आहेत.

शाळेचे ८,००० पंचवीस दिवसांवर वाटले तर रोजचे ३२०. चित्रापेक्षा निम्मे, पण दर महिन्याला. म्हणून ‘शाळा की चित्र’ असा सवाल घालूनच घेऊ नका. चित्रकलेचे तास प्रत्येक वर्गाला आठवड्यात मोजकेच असतात. संस्थाचालकांना विचारा, सगळे तास सलग तीन दिवसांत बसवता येतील का, ५,००० घेईन. नकार आला तर एक वर्षापुरती पूर्ण जागा घ्या, पण नेमणूक लेखी हवी. ‘पुढे अनुदान आलं की कायम करू’ या वाक्यावर कित्येकांची पंधरा-पंधरा वर्षं गेलीत, आणि त्यासाठी कुणी ‘देणगी’ मागितली तर त्याच दिवशी चप्पल घालून घरी या. शाळेतला एक फायदा मात्र खरा आहे : एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं हाताशी असतात, आणि दहा मुलांना घेऊन ओढ्यावरची माती निवळायला बसलात तर वर्षाचा गेरू एका रविवारी होतो.

उरलेले दिवस भरायला ३० तासांच्या चित्रांची संख्या वाढवू नका, पाठ मोडेल. पोस्टकार्डाएवढी चित्रं करा, तीन मातींत, दोन तासांची. एक टिटवी, एक कुसळीचं झुबकं, एक बोराची फांदी. ती पाकिटात जातात, फ्रेम लागत नाही, आणि ४०० रुपयांना घेणारा माणूस फार विचार करत नाही. सहा मातींच्या शिंपल्यांची पेटीही विकता येईल, पण खिडकीतली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, आणि ‘खाण्याचे नाहीत’ असं लिहून. लहान मुलांच्या नावाने विकू नका, कुठल्या विहिरीच्या मातीत काय आहे याची तपासणी तुम्ही केलेली नाही.

पुण्याहून ते चित्र परत आलं की फ्रेममधून काढा, पण टाकू नका. मागे विकल्याची आणि परत आल्याची तारीख लिहा, कोणता भाग कशाने रंगवला होता तेही. मग कडेला पेन्सिलीने खूण करून राघूच्या अर्ध्या अंगावर पिवडी-अल्ट्रामरीनचा हात द्या, अर्धं तसंच ठेवा, आणि दक्षिणेच्या खिडकीशेजारी टांगा. पुढचं गिऱ्हाईक घरी आलं आणि “हा टिकतो का हो?” असं विचारलं, तर तिथे बोट दाखवा.